पापणी उचलत नाही: मण्यारदंशाचं एक प्रकरण

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. नाशिकमध्ये गोड्या बहाराची छाटणी जोरात चालू होती आणि गिरणारे परिसरातल्या एका द्राक्षबागेत पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची मजुरांची टोळी मुक्कामाला होती. रुग्ण त्या टोळीतलीच, तिशीच्या आतली बाई. बरोबर नवरा, सासू आणि चार वर्षांचा मुलगा. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये सगळे जमिनीवर गोधड्या टाकून झोपलेले.

पहाटे तीनच्या सुमारास पोटात कळ येऊन ती उठली. दोनदा ओकली. सासूने ओवा चावायला दिला आणि रात्रीच्या सुकटीवर ठपका ठेवला. पाच वाजता घसा दुखायला लागला, चहाचा घोट गिळवेना. उजाडल्यावर बागमालक आला. आदल्या दिवशी या टोळीने छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावली होती. काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण हाताने काडीला लावतात, त्याला बागेत सगळे पेस्टच म्हणतात. त्यामुळे मालकाच्या डोक्यात पहिलं आलं ते "औषध बाधलं". गावातल्या एका दवाखान्यात पोटदुखीचं आणि उलटीचं इंजेक्शन झालं. तिथून निघताना तिचे डोळे मिटायला लागले होते. इंजेक्शनची गुंगी असेल, झोपू द्या, असं सांगून परत पाठवलं. ती नाकातून बोलायला लागली तेव्हा मालक घाबरला आणि पिकअपमध्ये घालून तिला नाशिकला घेऊन आला.

आमच्याकडे पोचायला साडेआठ वाजले. नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून ती चालत आली. मान मागे टाकलेली, हनुवटी वर. ही ढब एकदा पाहिलेला डॉक्टर सहसा विसरत नाही. पापणी उचलली जात नाही, म्हणून माणूस अख्खं डोकं उचलून समोरचं बघतो. तिने नाव, गाव, वार सगळं बरोबर सांगितलं. गुंगी अजिबात नव्हती. उजव्या डोळ्याची उघडीप प्लॅस्टिकच्या पट्टीने मोजली तर ४ मिलिमीटर, डाव्याची ५. एरवी ही ९-१० असते. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, नऊपर्यंत गेली आणि थांबली.

जास्त की कमी

मालकाचा विषबाधेचा संशय खुळा नव्हता. नाशिकच्या बागायती पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांची बाधा झालेले रुग्ण येतात, आणि तेही श्वास थांबून दगावू शकतात. पण त्या विषाची आणि हिच्या दुखण्याची जागा एकच असली तरी बिघाड नेमका उलटा असतो. तो कळायला ती जागा नीट पाहावी लागते.

मेंदूतून निघालेला हुकूम चेतातंतूतून विजेच्या लहरीच्या रूपात स्नायूपर्यंत येतो. मात्र चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांमध्ये साधारण ५० नॅनोमीटरची फट असते. मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. वीज ही फट ओलांडत नाही. लहर टोकाशी पोचली की तिथल्या पडद्यातली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि टोकात साठवून ठेवलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या पडद्याला भिडून फटीत रित्या होतात. एकेका पिशवीत ॲसिटिलकोलीन या रसायनाचे हजारो रेणू. पलीकडे स्नायूच्या पडद्यावर या रेणूंचे ग्राहक, म्हणजे त्यांना धरणारी प्रथिनं, दाटीने बसलेले असतात. रेणू ग्राहकावर बसला की त्यातली वाट उघडते, सोडियम आत जातं, स्नायू आकुंचन पावतो. हे सगळं मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. लगेच फटीतच असलेलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) काम झालेले रेणू तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या हुकमाला जागा मोकळी. रसायन सुटं सुटं न झिरपता ठरावीक मापाच्या पुड्यांतच फटीत पडतं, हे लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर दाखवलं. कॅट्झ यांना त्यासाठी १९७० चं नोबेल मिळालं.

ऑर्गॅनोफॉस्फेट त्या विकराला निकामी करतं. मग ॲसिटिलकोलीन साचतच जातं आणि ज्या ज्या अवयवाला त्याच्यामार्फत निरोप जातो तो पिसाटतो. दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, बाहुल्या अगदी बारीक, त्वचेखाली स्नायू फडफडताना दिसतात. बाईच्या अंगाला घाम नव्हता. छाती स्वच्छ होती. बाहुल्या उलट मोठ्या, ५ मिलिमीटरच्या, आणि टॉर्चच्या उजेडाला मंद. कुठेही फडफड नाही. म्हणजे फटीत रसायन जास्त झालेलं नव्हतं. कमी पडत होतं, किंवा पोचूनही लागू होत नव्हतं. पेस्टचं म्हणाल तर सायनामाइड कातडीला भाजतं, आणि ते अंगावर असताना दारू प्यायली तर तोंड लाल होऊन छाती धडधडते. पापणी ते पाडत नाही.

बाकीच्या शक्यता फार वेळ घेणाऱ्या नव्हत्या. गियाँ-बारे हा नसांचा लकवा पायांकडून वर चढतो आणि त्याला काही दिवस लागतात. मायस्थेनिया हा स्नायू थकवणारा आजार एका रात्रीत पोटदुखीने सुरू होत नाही. धडधाकट बाई, पावसाळा नुकता सरतोय, जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटात कळ, मग घसा, मग पापण्या: महाराष्ट्रात हा क्रम ऐकला की मण्यार हेच पहिलं निदान धरायचं, साप कुणी पाहिलेला असो वा नसो. मण्यार रात्री फिरते. तिचे दात इतके बारीक की झोपलेल्याला डास चावल्याइतकंही कळत नाही, आणि सूज येत नाही. आम्ही तिचं अंग टॉर्च घेऊन तपासलं. डाव्या कोपराच्या वर दोन टिंबं दिसली, मध्ये सेंटिमीटरभर अंतर. ती दाताचीच होती असं मी शपथेवर सांगणार नाही. मांडवाच्या तारांमध्ये दिवसभर काम करणाऱ्या हातावर अशी टिंबं ढीगभर असतात. काचेच्या कोऱ्या नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटांत गोठलं, म्हणून रक्त गोठू न देणारे साप, घोणस आणि फुरसं, मागे पडले.

उघडीप वाढली नाही

सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या १० कुप्या सलाइनमधून तासाभरात द्यायला सुरुवात केली. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं, त्यामुळे सापाच्या नावावाचून ते अडत नाही. रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून ॲड्रिनॅलिन भरून ठेवलं होतं. जोडीला ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत. भूलतज्ज्ञाला यात काहीच नवल वाटणार नाही. ऑपरेशन संपताना स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरवायला ते हीच जोडी वर्षानुवर्षं वापरत आले आहेत.

निओस्टिग्मिन कोलिनेस्टरेजला काही काळ अडवून धरतं. म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट जे बेताल करतं, तेच हे मोजून मापून करतं. नागाच्या विषात हे कामी येतं, कारण नागाचं विष फटीच्या पलीकडे, स्नायूच्या ग्राहकांवर जाऊन बसतं. रसायन सुटतंय, पण बसायला जागा नाही. ते फटीत जास्त वेळ टिकलं तर विषाशी झोंबून थोडीफार जागा मिळवतं, आणि पापण्या अर्ध्या तासात वर येताना दिसतात. मण्यारीचा मुख्य घाव फटीच्या अलीकडे असतो. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी १९६३ साली तिथल्या बहुपट्टेरी मण्यारीच्या विषातून दोन जातींची द्रव्यं वेगळी काढली. अल्फा बंगारोटॉक्सिन ग्राहकाला इतकं घट्ट धरतं की पुढे संशोधकांनी तो ग्राहक पेशीतून वेगळा काढायला त्याचाच उपयोग केला. बीटा बंगारोटॉक्सिन चेतातंतूच्या टोकावर जाऊन तिथल्या पडद्यातली मेदद्रव्यं तोडतं. कॅल्शियम अनावर आत घुसतं, पिशव्या रित्या होतात आणि पुन्हा भरत नाहीत, आणि शेवटी टोकच नासतं. आपल्या मण्यारीच्या विषात दोन्ही तऱ्हेची द्रव्यं आहेत, पण रुग्णाला दिवसेंदिवस पाडून ठेवतं ते दुसरं. फटीत रसायनच सुटत नसेल तर ते टिकवून काय मिळणार?

तरीही चाचणी करायचीच, कारण साप पाहिलेला नसतो आणि नाग असला तर अर्ध्या तासात खेळ पालटतो. दर दहा मिनिटांनी पट्टी लावली. तासाभराने उजवी उघडीप ४ ची ३ झाली होती. श्वासातले आकडे नऊवरून सहावर आले. तोंडात थुंकी साचायला लागली आणि ती गिळता येईना, तेव्हा आम्ही आणखी वाट पाहिली नाही. नळी घालून तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. रक्तातला ऑक्सिजन तोवर ठीक दिसत होता. या दुखण्यात तो आकडा फार उशिरा पडतो, आणि त्याच्या भरवशावर बसणं मला कधीच पटलेलं नाही. गिळता येत नाही आणि मान उचलत नाही, एवढं नळी घालायला पुरे.

प्रतिविषाच्या आणखी १० कुप्या झाल्या आणि तिथे आम्ही थांबलो. मज्जासंस्थेवरच्या विषात २० च्या पुढे जाऊन काही हाती लागत नाही. प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं. टोकाच्या आत शिरून काम करून बसलेलं विष त्याच्या हाती येत नाही. नातेवाइकांना हे समजावणं अवघड जातं: "औषध संपलं का, बाहेरून आणू का?" असं मुकादम दुपारभर विचारत होता. त्याने पैसे जमवायलाही सुरुवात केली होती. आणखी कुप्या नकोत, मशीन आणि वेळ हवा, हे त्याला तीनदा सांगितल्यावर पटलं, आणि मला वाटतं तेही अर्धवटच.

बाहुल्या

संध्याकाळपर्यंत तिचं शरीर पूर्ण लुळं पडलं. हात उचलून सोडला की थपकन खाली. गुडघ्यावर हातोडी मारली तर काही नाही. पापण्या बोटांनी उघडल्या तर बुबुळं मधोमध थिजलेली, आणि बाहुल्या ७ मिलिमीटर, टॉर्चला दाद नाही. व्हेंटिलेटर क्षणभर काढून पाहिला तर छाती हलत नव्हती. ज्याला सकाळची हकीकत ठाऊक नाही असा कुणीही हा मेंदूमृत्यूच म्हणेल. पाहायला आलेल्या एका परिचिताने खाटेशेजारीच, चांगल्या मोठ्या आवाजात, "हिचं आता काही खरं नाही" असं म्हटलंही.

या चिन्हांचा अर्थ इथे तसा लागत नाही. बाहुली आकसवणारा स्नायूही ॲसिटिलकोलीनच्याच निरोपावर चालतो. तो तुटला की बाहुली पसरते, मेंदू ठणठणीत असला तरी. गुडघ्याचा झटका, बुबुळांची हालचाल, श्वास, सगळ्यांचं शेवटचं पाऊल स्नायूच्या फटीतूनच जातं. मेंदूच्या आतही असेच सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधल्या फटी, आहेत, कोट्यवधी. पण सापाच्या विषातली ही मोठी प्रथिनं रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाहीत. हृदय ठोके द्यायला चेतातंतूच्या हुकमाची वाट पाहत नाही, म्हणून तेही चालू. स्पर्श, वेदना आणि आवाज आत जाण्याच्या वाटा शाबूत. बंद असते ती फक्त बाहेर येण्याची वाट.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःला क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाचं द्रव्य टोचून घेतलं, पूर्ण लुळं पडेल एवढ्या मात्रेत. भूल मात्र घेतली नाही; श्वास सहकाऱ्यांनी चालवला. बोटभरही हलता येत नसताना आजूबाजूला काय बोललं गेलं, काय केलं गेलं, ते शुद्ध क्षणभरही न हरपता त्याला कळत होतं, आणि नंतर त्याने ते सांगितलं. क्युरारे नागाच्या विषासारखंच ग्राहकावर बसतं. आमच्या रुग्णाचा घाव फटीच्या अलीकडचा, पण आत अडकलेल्या माणसाची अवस्था तीच.

रात्री मुकादम आणि गावाकडून आलेले दोन नातेवाईक नवऱ्याला घेऊन आले. मशीनवर ठेवून काय उपयोग, गावी नेतो, असा सूर होता. नवरा गप्प होता. मग त्याने विचारलं, "साहेब, ती आहे ना?"

बागेत तो ठिबकची मोटार बघायचा, हे बोलण्यात आलं होतं. मी विचारलं, "मोटार चालत नसली तर आधी काय बघता?"

"लाईट आहे का ते."

"लाईट आहे."

"मग मोटार जळाली असंल."

"मोटारही चांगली आहे."

तो थोडा थांबला. "मग स्टार्टर गेला."

"तेच झालंय. अंगातल्या सगळ्या मोटारींचे स्टार्टर गेलेत. लाईट आहे, मोटारी आहेत."

"बदलता नाही येत?"

"नाही. ते आपोआप नवे येतात, त्याला दिवस लागतात. तोवर श्वासाची मोटार आपण बाहेरून चालवायची. आता ही काढली तर चांगली बाई हाताने घालवल्यासारखं होईल."

यानंतर गावी न्यायचा विषय निघाला नाही. मुकादम टोळी घेऊन बागेत परतला, सासू मुलाला घेऊन शेडवर गेली, नवरा वॉर्डाबाहेर पथारी टाकून राहिला.

आमच्या पाळीच्या सिस्टरने त्याच रात्री एक गोष्ट शोधली. या लकव्यात पापण्या आणि घसा आधी जातात, हातापायांची टोकं सगळ्यात शेवटी, आणि कधी कधी तिथे थोडा जीव उरतो. तिने कानाशी वाकून सांगितलं, "ताई, ऐकू येतंय ना? उजव्या पायाचा अंगठा हलवा." चादर बाजूला करून आम्ही चौघं त्या अंगठ्याकडे पाहत होतो. तो हलला, जेमतेम दिसेल इतका. दुसऱ्यांदा सांगितल्यावर पुन्हा. मग ठरलं: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दुखतंय का? हो. घशात? हो. मुलाला बघायचंय? त्या प्रश्नाला अंगठ्याआधी मॉनिटरवर नाडी ९६ वरून ११८ वर गेली.

त्या क्षणापासून तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत "रुग्ण शुद्धीत आहे" असं लिहून ठेवलं. हे नुसतं सौजन्य नव्हतं, उपचार होता. नळी, सक्शन, सुया हे सगळं शुद्धीतल्या माणसाला किती दुखेल त्या हिशेबाने वेदनाशामक आणि गुंगीचं औषध रात्री सुरू केलं. दिवसा कमी ठेवलं, म्हणजे दिवस-रात्र कळावी. उघड्या राहणाऱ्या डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटवल्या, नाहीतर बुबुळ कोरडं पडून कायमचं डागाळतं. कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि हात लावायच्या आधी काय करणार ते सांगायचं.

टोकं पुन्हा फुटतात

पुढचे दिवस वैद्यकीयदृष्ट्या कंटाळवाणे होते, आणि अतिदक्षता विभागात कंटाळवाणं म्हणजे चांगलं. रक्तदाब पहिले दोन दिवस चढा राहिला. सोडियम थोडं उतरलं, ते सावरलं. न्यूमोनिया झाला नाही, याचं श्रेय मी सक्शन आणि तोंडाची स्वच्छता करणाऱ्या हातांना देईन.

तंतूचं टोक नासलं तरी तंतू आणि त्याची पेशी जिवंत असतात. उरलेल्या भागातून नवं टोक फुटतं, जुन्याच जागेवर येऊन बसतं, पिशव्या भरतात आणि निरोप पुन्हा सुरू होतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांना बीटा बंगारोटॉक्सिन टोचलं तेव्हा दिवसभरात बहुतेक स्नायुतंतू निरोपावाचून पडले होते, आणि तीन ते पाच दिवसांत नवी टोकं यायला लागली होती. माणसाचा हिशेब फार वेगळा दिसत नाही. हिच्या बाबतीत चौथ्या दिवशी हाताची बोटं हलली. पाचव्या दिवशी बाहुल्या उजेडाला किंचित आकसल्या. सहाव्या दिवशी सकाळी उजवी पापणी पट्टीवर २ मिलिमीटर. पापणी आधी पडली होती म्हणून ती आधी उठेल असं घरच्यांना वाटत होतं. तसं झालं नाही. आठव्या दिवशी मशीनचा आधार कमी करत आणला आणि नवव्या दिवशी नळी काढली.

पहिलं वाक्य घोगरं आणि अर्धं नाकातलं होतं. मुलगा कुठे आहे ते तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी थोडी ताकद आल्यावर तिने त्या सिस्टरला नावाने हाक मारली. नाव तिने फक्त ऐकलेलं होतं, चेहरा पाहिलेला नव्हता. "काही खरं नाही" म्हणणाऱ्या परिचिताचाही तिने उल्लेख केला, आणि तो कोण होता हे नवऱ्याला विचारून घेतलं. तो गावी भेटल्यावर काय झालं असेल, याची मला आजही उत्सुकता आहे.

घरी सोडताना एका श्वासात अठ्ठावीस आकडे, दोन्ही उघडीप ९ मिलिमीटर, मूठ घट्ट. फाइलवर निदान "मण्यारदंश, लक्षणांवरून" असंच राहिलं. ते तसंच राहायला हवं. साप कुणी पाहिला नाही आणि टिंबांबद्दलची माझी शंका मी वर सांगितलीच आहे.

जायच्या दिवशी मालक आला होता. पेस्टचा दोष नाही हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला, पण शेड त्याचंच होतं. त्याला सांगितलं ते एवढंच: मजुरांना जमिनीवर झोपवू नका, खाटा द्या, मच्छरदाणी द्या आणि ती गादीखाली चारही बाजूंनी खोचायला लावा, मण्यार मग आत शिरत नाही, शेडला लागून रचलेला काड्यांचा ढीग हलवा, तिथे उंदीर-पाली येतात आणि त्यांच्यामागे साप. पहाटे पोटदुखीने कुणी उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर कुठेही न थांबता व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्या. तपासणीला ती महिन्याने आली तेव्हा कळलं की खाटा आल्यात, ढीगही हललाय. मच्छरदाण्या मालकाने पुढच्या पगारातून कापून देतो म्हटल्या होत्या, म्हणून निम्म्या टोळीने घेतल्याच नाहीत. हिने घेतली होती, दोघांत एक.